लॉगऑन स्क्रिप्ट युजर मध्येच बंद करतात: कारण शोधणं आणि पक्का उपाय

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "झेड ड्राइव्ह दिसत नाही." अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला स्टोअरमधला माणूस मशीन सुरू करतो, पासवर्ड टाकतो, स्क्रीनवर काळी खिडकी उघडते. ही लॉगऑन स्क्रिप्ट, म्हणजे लॉगऑन होताच आपोआप चालणारी आणि ड्राइव्ह, प्रिंटर जोडणारी कमांडची फाइल. तो उजव्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून ती घालवतो आणि टॅली उघडायला जातो. डेटाचा ड्राइव्ह जोडलेलाच नसतो. मग आयटीला फोन. विचारलं तर उत्तर सरळ मिळतं: "साहेब, ते काळं काहीतरी आलं होतं, बंद केलं." दारात माल घेऊन गाडी उभी असताना अनोळखी खिडकी घालवावीशी वाटणं साहजिक आहे. त्याला दटावून हा प्रश्न सुटत नाही, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पाळीतला माणूस तेच करतो.

खालची माहिती ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन (खाती आणि मशीनं सर्व्हरवरून एकत्र सांभाळणारी विंडोजची व्यवस्था) आणि विंडोज १० किंवा ११ ची वर्कस्टेशनं असलेल्या ऑफिसांसाठी आहे. कमांड आणि पॉलिसींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना नेहमीचं स्पेलिंग वापरा.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. युजरच्या खात्याखाली चालणारी प्रोसेस तो युजर बंद करू शकतो. विंडोजची रचनाच तशी आहे, त्या प्रोसेसचा मालक तोच असतो. त्यामुळे नुसतं कंट्रोल-सी अडवायच्या मागे लागलात तर फुलीचं बटण राहतं, फुली काढली तर टास्क मॅनेजर राहतो, तोही काढला तर नेटवर्कची केबल राहते. म्हणून आधी बंद करण्याचं कारण काढा, मग दिसणारी खिडकी काढा, आणि जे काम अजिबात चुकता कामा नये ते युजरच्या खात्याखालून हलवा.

जुन्या युक्त्या का चालत नाहीत

बॅच फाइलच्या पहिल्या ओळीत 'ब्रेक ऑफ' लिहिण्याचा सल्ला अजूनही ऐकू येतो. तो डॉसच्या काळातला आहे. विंडोज एनटीपासूनच्या सीएमडीमध्ये (कमांड प्रॉम्प्टमध्ये) ही कमांड फक्त जुन्या बॅच फायलींमध्ये एरर येऊ नये म्हणून ठेवली आहे, तिचा परिणाम काहीच होत नाही. 'सीटीटीवाय नल' तर आताच्या विंडोजमध्ये नाहीच. 'स्टार्ट /बी' ने सुरू केलेला प्रोग्रॅम कंट्रोल-सी कडे दुर्लक्ष करतो हे खरं, पण कंट्रोल-ब्रेक आणि फुली दोन्ही चालतातच.

कंट्रोल-सी दाबल्यावर नेमकं काय होतं हेही पाहण्यासारखं आहे. समजा त्या क्षणी फायली कॉपी करणारी एक्सकॉपी ही कमांड चालू आहे. दाबलेली कळ त्या कन्सोलमधल्या सगळ्या प्रोसेसना पोचते, म्हणून आधी एक्सकॉपी थांबते आणि मग सीएमडी 'टर्मिनेट बॅच जॉब' असं विचारते. युजर घाबरून 'एन' दाबतो, स्क्रिप्ट पुढच्या ओळीवर जाते आणि शेवटपर्यंत व्यवस्थित पोचते. कॉपी मात्र अर्धीच राहिलेली असते. अशा वेळी स्क्रिप्ट पूर्ण झाली एवढ्यावर विश्वास ठेवून चालत नाही.

आणखी एक प्रकार आहे, त्यात युजरने काही बंद केलेलंच नसतं. विंडोज १० पासून कन्सोलमध्ये क्विक एडिट चालू असतो. काळ्या खिडकीत कुठेही चुकून क्लिक झालं की मजकूर निवडण्याची स्थिती सुरू होते, खिडकीच्या शीर्षकात आधी 'सिलेक्ट' हा शब्द येतो आणि स्क्रीनवर पुढची ओळ लिहायची वेळ आली की स्क्रिप्ट जागीच थांबते. एंटर किंवा एस्केप दाबेपर्यंत ती हलत नाही. युजरला वाटतं मशीन अडकलं, म्हणून तो खिडकी बंद करतो. "पाच मिनिटं तसंच होतं" असं कुणी सांगितलं तर त्याच्यावर शंका घेण्याआधी हे तपासा.

आधी निदान: स्क्रिप्ट बंद केली, अडकली की चाललीच नाही?

तिन्ही प्रकारांत युजरला दिसणारं लक्षण एकच, ड्राइव्ह नाही. उपाय मात्र पूर्ण वेगळे आहेत, त्यामुळे इथे दोन दिवस घालवले तरी ते वाया जात नाहीत. सर्व्हरवर लॉगसाठी एक लपलेलं शेअर (नेटवर्कवरून उघडता येणारं फोल्डर) तयार करा आणि प्रत्येक युजरची वेगळी फाइल लिहा. सगळ्यांची एकच फाइल ठेवलीत तर सात वाजता पन्नास मशीनं एकदम लिहायला येतात आणि काही नोंदी लॉकमुळे गळतात. स्क्रिप्टच्या सुरुवातीला अशी ओळ घाला:

एको %डेट% %टाइम% %कॉम्प्युटरनेम% प्रारंभ >> \\सर्व्हर१\लॉग$\%युजरनेम%.टीएक्सटी

प्रत्येक टप्प्यानंतर 'टप्पा १', 'टप्पा २' अशी ओळ घाला, आणि अगदी शेवटी 'समाप्त'. ड्राइव्ह जोडणाऱ्या 'नेट यूज' च्या लगेच खालच्या ओळीत एररलेव्हलही (कमांडचा निकाल सांगणारा आकडा) लिहून ठेवा. मध्ये दुसरी कमांड आली तर तो आकडा बदललेला असू शकतो. पाळ्यांमध्ये एकच लॉगिन तिघं वापरत असतील तर फाइलचं नाव युजरऐवजी कॉम्प्युटरवरून द्या. या फाइलमध्ये युजर स्वतः लिहू शकतो, तेव्हा ती निदानापुरतीच वापरा, पुरावा म्हणून कुणापुढे ठेवू नका.

आता नोंदी वाचा. प्रारंभ आहे, समाप्त नाही, आणि दर वेळी शेवटची ओळ 'टप्पा ३' हीच आहे: स्क्रिप्ट तिथे अडकते, आणि युजर बंद करत असला तरी अडकल्यामुळेच करतो. शेवटची ओळ रोज वेगळी असेल तर कुणीतरी येईल तेव्हा खिडकी घालवतंय. प्रारंभच नाही म्हणजे स्क्रिप्ट चाललीच नाही. ते दुखणं नेटवर्कचं किंवा पॉलिसीचं. प्रारंभ आणि समाप्त दोन्ही आहेत पण ड्राइव्ह नाही, तर एररलेव्हल पाहा: ५३ म्हणजे सर्व्हरपर्यंतचा मार्ग सापडला नाही, ६७ म्हणजे शेअरचं नाव सापडलं नाही, ८५ म्हणजे ते अक्षर आधीच वापरात आहे, १२१९ म्हणजे त्याच सर्व्हरला दुसऱ्या नावाने जोडणी आधीच झालेली आहे. हे आकडे 'सिस्टिम एरर' म्हणून स्क्रीनवर येतात. एररलेव्हलमध्ये फक्त २ मिळत असेल, तर 'नेट यूज' चा एरर मजकूर '२>>' ने त्याच फाइलमध्ये वळवा. पावसाळ्यात एकाच मिनिटाला दहा मशीनांच्या नोंदी तुटलेल्या दिसल्या तर युजरना विचारण्याआधी त्या वेळी लाइट गेली होती का ते विचारा.

स्क्रिप्ट ग्रुप पॉलिसीतून (सर्व्हरवरून अनेक मशीनांना आणि युजरना एकदम लागणाऱ्या सेटिंगमधून) चालत असेल तर वर्कस्टेशनच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ग्रुपपॉलिसी, ऑपरेशनल हा लॉग उघडा. ४०१८ ही स्क्रिप्ट सुरू झाल्याची नोंद आहे आणि ५०१८ पूर्ण झाल्याची, तिच्यात लागलेले सेकंदही दिसतात. हा सेकंदांचा आकडा लिहून ठेवा, नंतर तुलनेला लागेल.

अडकण्याच्या जागा

खिडकी लपवण्याआधी हा भाग पूर्ण करा. दिसणाऱ्या स्क्रिप्टने प्रश्न विचारला तर निदान कुणी उत्तर तरी देतं. लपलेल्या स्क्रिप्टने विचारला तर तो कुणालाच दिसत नाही, आणि ती ग्रुप पॉलिसीची मुदत संपेपर्यंत बसून राहते. ही मुदत मूळची ६०० सेकंद असते. सिंक्रोनस पद्धतीत (स्क्रिप्ट संपल्यावरच डेस्कटॉप येतो) याचा अर्थ लॉगऑनच्या पडद्यावर सलग दहा मिनिटं.

सर्वांत जास्त सापडणारा दोषी म्हणजे रोबोकॉपी ही कॉपी करणारी कमांड. काहीच न सांगता चालवली तर उघडी असलेली फाइल कॉपी करण्यासाठी ती १० लाख वेळा प्रयत्न करते आणि दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंद थांबते. कुणाची एक एक्सेल फाइल उघडी राहिली की त्या दिवशीची स्क्रिप्ट संपतच नाही. प्रत्येक रोबोकॉपीच्या ओळीत '/आर:१ /डब्ल्यू:२' हवंच. एक्सकॉपीला '/वाय' नसेल तर ती फाइल बदलू का म्हणून विचारते. 'नेट यूज झेड: /डिलीट' करताना त्या ड्राइव्हवरची फाइल उघडी असेल तर तीही विचारते, म्हणून '/वाय' तिथेही लावा. 'नेट यूज' ला परवानगी मिळाली नाही की ती युजरनेम आणि पासवर्ड मागत थांबते. कमांडच्या शेवटी '< नल' जोडलं तर वाट न पाहता एरर देऊन पुढे जाते. जोडणी करताना '/पर्सिस्टंट:नो' ठेवा, नाहीतर जुनी जोडणी प्रोफाइलमध्ये राहते आणि दुसऱ्या दिवशी ८५ येतो.

प्रिंटर जोडणारी ओळ वेगळी तपासा. ऑगस्ट २०२१ च्या सुरक्षा अपडेटपासून प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला मूळ सेटिंगमध्ये ॲडमिनचे अधिकार लागतात. त्याआधी लिहिलेली स्क्रिप्ट साध्या युजरच्या खात्यात त्या ओळीवर अधिकार मागत थांबू शकते. ड्रायव्हर मशीनवर आधी बसवून ठेवा, स्क्रिप्टकडे फक्त जोडणी ठेवा. शेअरवरून थेट ईएक्सई चालवत असाल तर 'ओपन फाइल, सिक्युरिटी वॉर्निंग' येतं. सर्व्हरचं नाव लोकल इंट्रानेट झोनमध्ये टाकलं की ते थांबतं. जुन्या स्क्रिप्टमध्ये कुठेतरी 'पॉज' राहून गेलेला असतो, तो शोधून काढा. सर्व्हरची वेळ घेणारी 'नेट टाइम' ची ओळ असेल तर खुशाल खोडा, डोमेनमधली मशीनं वेळ आपोआप जुळवतात.

बंद असलेल्या सर्व्हरकडे जाणारी प्रत्येक जोडणी बराच वेळ खाते. तिच्या आधी 'पिंग -एन १ -डब्ल्यू १०००' टाकून उत्तर नसेल तर ती ओळ ओलांडा. फायरवॉलवर पिंग अडवलेलं नाही ना, एवढं पाहून घ्या. या साफसफाईनंतर ड्राइव्ह जोडणारी स्क्रिप्ट बहुधा काही सेकंदांत संपते, आणि इतक्या लवकर संपणारी स्क्रिप्ट बंद करायला कुणाचा हात पोचत नाही.

खिडकी काढून टाकणं

स्क्रिप्ट सध्या कुठून सुरू होते ते आधी बघा. स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवली असेल तर ती पद्धत आजच सोडा. लॉगऑनच्या वेळी शिफ्ट दाबून ठेवली की त्या फोल्डरमधलं काहीच चालत नाही, आणि टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमधूनही युजर ती बंद करून ठेवू शकतो.

युजरच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रोफाइल टॅबवर 'लॉगऑन स्क्रिप्ट' या रकान्यात नाव भरलेलं असेल तर ती जुनी पद्धत, आणि तिची खिडकी दिसते. ताबडतोब करता येण्यासारखा उपाय म्हणजे युजर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टिम, स्क्रिप्ट्स इथली 'रन लेगसी लॉगऑन स्क्रिप्ट्स हिडन' ही पॉलिसी चालू करणं.

त्यापेक्षा चांगलं म्हणजे स्क्रिप्ट ग्रुप पॉलिसीत हलवणं. तिथून चालणाऱ्या स्क्रिप्ट मुळातच लपून चालतात.

१. नवीन जीपीओ (ग्रुप पॉलिसीच्या सेटिंगचा संच) तयार करून युजर कॉन्फिगरेशन, पॉलिसीज, विंडोज सेटिंग्ज, स्क्रिप्ट्स, लॉगऑन उघडा.
२. 'शो फाइल्स' दाबा आणि उघडलेल्या फोल्डरमध्येच स्क्रिप्ट कॉपी करा. डेस्कटॉपवरची फाइल निवडू नका, ती बाकी मशीनांना सापडणार नाही.
३. 'ॲड' करून तीच फाइल निवडा. पॉवरशेलची स्क्रिप्ट असेल तर शेजारच्या पॉवरशेल टॅबमध्ये.
४. प्रोफाइल टॅबमधलं जुनं नाव काढा. ॲक्टिव्ह डिरेक्टरी युजर्स अँड कॉम्प्युटर्समध्ये अनेक युजर एकदम निवडून तो रकाना रिकामा करता येतो. हे राहिलं तर स्क्रिप्ट दोनदा चालते आणि दुसऱ्या फेरीत ८५ येतो.
५. 'डिस्प्ले इन्स्ट्रक्शन्स इन लॉगऑन स्क्रिप्ट्स ॲज दे रन' ही पॉलिसी कुणी जुन्या तपासासाठी चालू करून ठेवलेली नाही ना ते बघा.

यानंतर हमखास येणारी तक्रार म्हणजे "ड्राइव्ह येतो, पण पाच मिनिटांनी." विंडोज ८.१ पासून ग्रुप पॉलिसीच्या लॉगऑन स्क्रिप्ट मुद्दाम पाच मिनिटं उशिरा सुरू होतात, डेस्कटॉप लवकर हाती यावा म्हणून. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टिम, ग्रुप पॉलिसी इथे 'कॉन्फिगर लॉगऑन स्क्रिप्ट डिले' आहे. ती 'डिसेबल्ड' केली की उशीर जातो. 'नॉट कॉन्फिगर्ड' ठेवली तर पाच मिनिटं तशीच राहतात, आणि गोंधळ नेमका इथेच होतो.

डेस्कटॉप येण्याआधी स्क्रिप्ट संपलीच पाहिजे असं असेल तर 'रन लॉगऑन स्क्रिप्ट्स सिंक्रोनसली' चालू करा, सोबत 'ऑलवेज वेट फॉर द नेटवर्क ॲट कॉम्प्युटर स्टार्टअप अँड लॉगऑन' हीसुद्धा. स्क्रिप्ट पंधरा सेकंदांच्या वर जात असेल तर सिंक्रोनस करू नये असं आमचं ठाम मत आहे. लोक वाट पाहत नाहीत, पॉवरचं बटण दाबून धरतात. मुदतीची पॉलिसी 'स्पेसिफाय मॅक्झिमम वेट टाइम फॉर ग्रुप पॉलिसी स्क्रिप्ट्स' ६०० वरून १२० वर आणा. तिथे ० कधीही भरू नका, ० म्हणजे कितीही वेळ थांब.

सिन्नरच्या गोदामात वेगळा डोमेन कंट्रोलर (लॉगऑन तपासणारा सर्व्हर) असेल आणि ती वेगळी साइट म्हणून नोंदलेली असेल, तर अंबडला केलेला बदल तिथे लगेच पोचत नाही. दोन साइटमधली देवाणघेवाण मूळ सेटिंगमध्ये १८० मिनिटांनी होते, कमीत कमी १५ मिनिटांवर आणता येते. सिन्नरहून "जुनीच स्क्रिप्ट चालतेय" असा फोन आला तर 'एको %लॉगऑनसर्व्हर%' ने कोणत्या सर्व्हरवरून लॉगऑन झालं ते विचारा.

स्क्रिप्टच नको: ड्राइव्ह आणि प्रिंटर प्रेफरन्सेसमध्ये न्या

स्क्रिप्ट फक्त ड्राइव्ह आणि प्रिंटर जोडण्यासाठी असेल तर हाच खरा तोडगा आहे. सर्व्हर २००८ पासून मिळणाऱ्या ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमधून हे काम ग्रुप पॉलिसी सर्व्हिसच करते. सीएमडी नाही, खिडकी नाही, त्यामुळे बंद करण्यासारखं युजरच्या हातात काही उरत नाही.

युजर कॉन्फिगरेशन, प्रेफरन्सेस, विंडोज सेटिंग्ज, ड्राइव्ह मॅप्स इथे नवीन ड्राइव्ह घाला. ॲक्शन 'अपडेट' ठेवा. अनेकजण 'रिप्लेस' ठेवतात, त्याने ड्राइव्ह तोडून पुन्हा जोडला जातो. पार्श्वभूमीत पॉलिसी दर ९० मिनिटांनी, अधिक ० ते ३० मिनिटांच्या फरकाने, ताजी होते. त्या वेळी ड्राइव्ह तुटला तर उघड्या फायलींचं नुकसान होतं. सर्व्हर बदलला असेल तेव्हा दोन-चार दिवस 'रिप्लेस' ठेवावं आणि परत 'अपडेट' वर यावं. कोणाला कोणता ड्राइव्ह हे 'कॉमन' टॅबमधल्या आयटम-लेव्हल टार्गेटिंगमध्ये सिक्युरिटी ग्रुपने ठरवा: हिशेब, स्टोअर, डिझाइन. स्क्रिप्टमधली 'इफ' ची लांबलचक साखळी एका फटक्यात जाते.

पहिल्यांदा लावल्यावर दोनदा लॉगऑन करावं लागू शकतं, म्हणून पहिल्याच सकाळी निष्कर्ष काढू नका. आणि 'कनेक्ट ॲज' मध्ये पासवर्ड भरायचा विचारही करू नका. तो सिसव्हॉलमध्ये (डोमेनमधल्या सगळ्यांना वाचता येणाऱ्या शेअरमध्ये) सहज उलगडता येईल अशा स्वरूपात साठायचा, म्हणून मे २०१४ च्या सुरक्षा अपडेटने तिथे नवा पासवर्ड भरणंच बंद केलं. जुन्या जीपीओमध्ये असा पासवर्ड राहिलेला असू शकतो. तो जीपीओ काढा आणि पासवर्डही बदला.

चुकता कामा नये असं काम सिस्टिम खात्याकडे

मशीनची माहिती गोळा करणं, सॉफ्टवेअरचं अपडेट, सुरक्षेची सेटिंग: यातलं काहीही युजरच्या लॉगऑन स्क्रिप्टमध्ये असू नये. साध्या युजरला सिस्टिम खात्याची (विंडोजच्या स्वतःच्या खात्याची) प्रोसेस बंद करता येत नाही, टास्क मॅनेजर उघडा असला तरी त्याला 'ॲक्सेस डिनाइड' मिळतं. मशीन सुरू होताना एकदा झालेलं पुरत असेल तर कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनमधली स्टार्टअप स्क्रिप्ट वापरा. प्रत्येक लॉगऑनला व्हायला हवं असेल तर कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, प्रेफरन्सेस, कंट्रोल पॅनल सेटिंग्ज, शेड्यूल्ड टास्क्स इथे टास्क तयार करा: खातं 'एनटी अथॉरिटी\सिस्टिम', ट्रिगर 'ॲट लॉग ऑन', कोणताही युजर. लॅपटॉप असतील तर कंडिशन्समधली चार्जरवर असतानाच चालवण्याची खूण काढा, ती मूळचीच लागलेली असते.

यात तीन ठिकाणी पाय घसरतो. सिस्टिम खातं नेटवर्कवर मशीनच्या नावाने जातं, म्हणून शेअरवर 'डोमेन कॉम्प्युटर्स' ना परवानगी हवी. सिस्टिमने जोडलेला ड्राइव्ह युजरला दिसत नाही, म्हणून ड्राइव्ह मॅपिंग इथे आणू नका. आणि सर्वांत महत्त्वाचं: ही स्क्रिप्ट जिथे ठेवली आहे त्या फोल्डरमध्ये साध्या युजरला लिहिता येता कामा नये. सी ड्राइव्हच्या मुळाशी सहज म्हणून केलेल्या फोल्डरमध्ये मूळ परवानग्यांनुसार लॉगऑन केलेल्या कोणालाही फाइल बदलता येते. तिथली स्क्रिप्ट कुणी बदलली तर त्याच्या ओळी सिस्टिमच्या अधिकाराने चालतील. प्रोग्रॅम फाइल्समध्ये किंवा डोमेन कंट्रोलरच्या नेटलॉगऑन शेअरवर ठेवा आणि 'आयकॅकल्स' ने परवानग्या डोळ्यांनी तपासा.

टास्क मॅनेजर आणि कमांड प्रॉम्प्ट काढावा का?

गंगापूर रोडवरच्या कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा शॉप फ्लोअरवरच्या सामायिक मशीनवर, हो. 'रिमूव्ह टास्क मॅनेजर' ही पॉलिसी युजर कॉन्फिगरेशनमध्ये सिस्टिम, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट ऑप्शन्स इथे आहे. हिशेब विभागात मात्र आम्ही ती लावणार नाही. तिथे एखादा प्रोग्रॅम अडकला की तेवढाच बंद करता आला पाहिजे, नाहीतर लोक थेट मशीन बंद करतात आणि टॅलीच्या डेटावर बेततं.

'प्रिव्हेंट ॲक्सेस टू द कमांड प्रॉम्प्ट' लावताना त्याच खिडकीत खाली बॅच फायलीही बंद करायच्या का असा प्रश्न आहे. तिथे 'नो' हवं. 'येस' झालं की तुमची स्वतःची बॅच लॉगऑन स्क्रिप्टही चालत नाही, आणि लॉगमध्ये सगळ्यांच्या 'प्रारंभ' ओळी एका दिवसात गायब होतात.

या युजर पॉलिसी ठरावीक मशीनांपुरत्या ठेवण्यासाठी त्या मशीनांच्या ओयूवर (डोमेनमधल्या गटावर) लूपबॅक प्रोसेसिंग चालू करा, मोड 'मर्ज'. जीपीओच्या सिक्युरिटी फिल्टरिंगमधून 'ऑथेंटिकेटेड युजर्स' काढलं असेल तर डेलिगेशन टॅबमध्ये 'डोमेन कॉम्प्युटर्स' ना रीड द्या. जून २०१६ च्या अपडेटपासून युजरच्या पॉलिसीही मशीनच्या खात्याने वाचल्या जातात. ही परवानगी नसेल तर पॉलिसी निमूटपणे लागत नाही.

'प्रारंभ' ची ओळच नसेल तर

लॅबमधल्या मुलांना ही युक्ती लवकर सापडते: केबल काढायची, लॉगऑन करायचं, केबल परत लावायची. मशीन साठवलेल्या ओळखीवर आत घेतं, मूळ सेटिंगमध्ये शेवटच्या १० लॉगऑनची ओळख साठते. पॉलिसी नंतर ताजी झाली तरी लॉगऑन स्क्रिप्ट पुन्हा चालत नाही. जागेवरच्या डेस्कटॉपसाठी सिक्युरिटी ऑप्शन्समधली 'नंबर ऑफ प्रीव्हियस लॉगऑन्स टू कॅश' ० करता येते. त्याआधी दुसरा डोमेन कंट्रोलर चालू असल्याची खात्री करा. एकच असेल आणि तो पडला तर अख्ख्या लॅबमध्ये कुणालाही लॉगऑन होणार नाही. लॅपटॉपना हा आकडा ० करू नका.

वाय-फायवरच्या लॅपटॉपमध्ये हेच कुणी मुद्दाम न करता घडतं. पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या लिलावातून येऊन व्यापाऱ्याचा माणूस ऑफिसात लॅपटॉप उघडतो, वाय-फाय जोडलं जाण्याआधी लॉगऑन होऊन जातं. इथे प्रेफरन्सेस कामी येतात, कारण पुढच्या ताज्या फेरीत ड्राइव्ह जोडला जातो.

व्हीपीएनवरून येणाऱ्या गोदामात आणखी एक मुद्दा: ५०० केबीपीएसच्या खालची जोडणी ग्रुप पॉलिसी संथ धरते आणि मूळ सेटिंगमध्ये अशा जोडणीवर स्क्रिप्ट चालवतच नाही. 'कॉन्फिगर स्क्रिप्ट्स पॉलिसी प्रोसेसिंग' मध्ये संथ जोडणीवरही चालवण्याची खूण आहे.

युजर लोकल ॲडमिन असेल तर

मग वरचं सगळं कागदावर राहतं. ॲडमिन सिस्टिमच्या प्रोसेसही बंद करू शकतो आणि पॉलिसीच्या रजिस्ट्री नोंदीही पुसू शकतो. प्रत्येक मशीनवर 'नेट लोकलग्रुप ॲडमिनिस्ट्रेटर्स' चालवून यादी काढा. बहुतेकदा कारण एखादं जुनं सॉफ्टवेअर असतं, जे स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहायला अधिकार मागतं. त्या एका फोल्डरवर युजरना 'मॉडिफाय' द्या आणि ॲडमिनचा हक्क काढा.

शेवटची चाचणी आपल्या ॲडमिन खात्याने करू नका. साधं चाचणी खातं घ्या, मशीन रीस्टार्ट करा, लॉगऑन करा, आणि युजर करेल ते सगळं करून पाहा: शिफ्ट धरून, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून, केबल काढून. मग 'जीपीरिझल्ट /एच' ने अहवाल काढून कोणता जीपीओ लागला आणि कोणता नाकारला गेला ते बघा, आणि ५०१८ मधले सेकंद सुरुवातीला लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडून पाहा. हे सगळं एका मशीनवर नीट दिसलं की पाच मशीनांवर लावा, आठवडाभर लॉग वाचा, मगच पूर्ण ओयूवर.